सांगलीतल्या घरासाठी सीसीटीव्ही: आठ कॅमेरे खरंच लागतात का?

कृष्णाकाठचा | ७ जून, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे. मजकूर लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

आमचं घर सांगलीत, गावभागात. जुनं दगडी बांधकाम, दीड-दीड फुटाच्या भिंती, वरच्या दोन खोल्या बाबांनी नंतर चढवलेल्या. पुढे छोटं अंगण, लोखंडी फाटक, मागे बोळ. घरात आई-बाबा दोघंच (बाबा ७४, आई ६९). मी पुण्यात, महिन्यातून एखादी चक्कर होते.

गेल्या महिन्यात आमच्याच बोळात भरदुपारी एका घराचं कुलूप फोडलं. सगळे लग्नाला गेलेले. तेव्हापासून बाबा रात्री दोनदा उठून कड्या तपासतात. म्हणून कॅमेरे लावायचं ठरवलं.

एका दुकानातून कोटेशन आणलं: ५ मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे, डीव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र नोंदवून ठेवणारा डबा), २ टीबी हार्ड डिस्क, फिटिंगसह ४६ हजार. ऑफिसातला मित्र म्हणतो, वेडा आहेस, अडीच हजाराचे चार वायफाय कॅमेरे घे, मोबाईलवर दिसतात, विषय संपला. दोघंही इतक्या खात्रीने बोलतात की मला दोघांचाही संशय येतोय.

अडचणी सांगून ठेवतो. वीज जाते, इन्व्हर्टर आहे. इंटरनेट फायबरचं, राउटर वरच्या खोलीत. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी होतं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, बाबांनी सगळं सामान त्या खुणेच्या वर रचलं आणि निर्धास्त झाले. पण २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खूणही बुडाली आणि सामानही.

आणि आईची अट: घराच्या आत एकही कॅमेरा नको. तिला चोरांचं फारसं काही नाही. तिचा राग आहे तो पहाटे फाटकातून हात घालून जास्वंद आणि तगर तोडून नेणाऱ्यांवर. त्यासाठी कॅमेरा लावत असशील तर लाव म्हणाली.

निवांत_बसलेला | ७ जून, रात्री ९.५८

आठ कॅमेरे? घर आहे की सराफ कट्टा?

फुलं चोरणारे बाकी कॅमेऱ्याला भीत नाहीत. ते देवाचं काम करत असतात.

वायरीतला_माणूस | ७ जून, रात्री १०.३१

मी याच धंद्यात हाय, कुपवाडला. बारा वर्षं झाली. इथं काही विकायला आलेलो नाही, आधीच सांगतो.

भाऊ, कॅमेरे किती हे नंतर बघू. आधी तुम्हाला काय बघायचंय ते सांगा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "सगळं दिसाय पाहिजे". सगळं दिसतंय, पण चोराचं तोंड तेवढं दिसत न्हाई. मग म्हणतात कॅमेरा भंगार.

आमच्याकडं एक हिशेब असतो. अनोळखी माणसाचा चेहरा पटवायचा तर त्याच्या जागी एका मीटरला २५० पिक्सेल पडायला पाहिजेत. ओळखीचा माणूस असला तर निम्म्यात भागतं. नुसतं "कोणतरी आलंय" कळायला २५ बी पुष्कळ. आता २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला आडवे १९२० पिक्सेल. म्हणजे पावणेआठ मीटर रुंदीच्या चित्रापर्यंतच चेहरा मिळणार. सगळ्यांना विकली जाती ती २.८ एमएमची लेन्स, ती शंभर अंशांच्या आसपास बघती. तिचं चित्र सव्वातीन मीटरवरच पावणेआठ मीटर रुंद झालेलं असतंय. त्याच्या पुढं उभा राहिलेला माणूस म्हणजे नुसता शर्ट आणि टक्कल.

५ मेगापिक्सेल घेतला तर अंतर थोडं वाढतं, पण पैसे वाढतात त्या मानानं न्हाई. शिवाय स्वस्त डीव्हीआरवर बारीक अक्षरात "५ एमपी लाइट" लिहिलेलं असतंय, त्यात पूर्ण पाच नोंदलेच जात नाहीत. कोटेशनवर डीव्हीआरचं मॉडेल लिहून मागा.

तुमच्या फाटकापासून पोर्चच्या भिंतीपर्यंत अंतर किती? टेप लावून मोजा. अंदाजानं सांगू नका.

मिरजेची_माई | ८ जून, सकाळी ६.१५

वायफायचा अनुभव माझ्याकडून घे. तीन वर्षं वापरते आहे, दोन कॅमेरे. लावायला सोपे हे खरंच. नातवाने अर्ध्या तासात लावले.

पण "वायरलेस" म्हणून फसू नकोस. त्याला विजेची वायर लागतेच, प्लग शोधावा लागतो. बाहेर व्हरांड्यात प्लग नव्हता, तर इलेक्ट्रिशियन बोलवावा लागला. तुझ्या भिंती दगडी, राउटर वर. माझ्या विटांच्या भिंतीतसुद्धा मागच्या दाराचा कॅमेरा दिवसातून चारदा गोल गोल फिरत बसतो. (कॅमेरा नव्हे, मोबाईलवरचं ते चाक.)

आणि खरा धडा पुढेच. आमची कुंडी कोणीतरी पाडली म्हणून मागचं बघायला गेले, तर मेमरी कार्ड तीन महिन्यांपूर्वीच मेलेलं. चालू चित्र रोज व्यवस्थित दिसत होतं, त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. कंपनीने ना संदेश पाठवला ना दिवा लावला. आता मी दर एकादशीला मागचं रेकॉर्डिंग उघडून बघते. तेवढीच आठवण राहते.

घरातल्या कॅमेऱ्याबद्दल तुझ्या आईची बाजू घेते. माझ्या मुलाने काळजीपोटी हॉलमध्ये एक लावला. मी त्याच्यावर विणलेला रुमाल टाकते. मग त्याचा फोन येतो, "आई, कॅमेरा बंद दिसतोय." चला, फोन तरी येतो.

सातारी_कंदी | ८ जून, सकाळी ८.०४

माई, _/\_

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. चार कॅमेरे होते, डीव्हीआर टीव्हीच्या खाली दिमाखात ठेवलेला, निळा दिवा लुकलुकतोय. घरफोडी झाली. टीव्ही नेला नाही, डीव्हीआर नेला. पोलिसांनी विचारलं, फुटेज? म्हटलं, तेच नेलं.

तेव्हा कृष्णाकाठच्या, डीव्हीआर कुठे ठेवणार ते कॅमेऱ्यांच्या आधी ठरव. आमचा आता माळ्यावर आहे, जुन्या ट्रंकेच्या मागे. पण हवा खेळती हवी. कपाटात कोंडून ठेवला तर उन्हाळ्यात हार्ड डिस्क तापून जाते, तोही अनुभव घेऊन झाला आहे.

पोर्ट_फॉरवर्ड | ८ जून, सकाळी १०.२२

अजून कोणी आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या वायरीवर चालणारे) म्हटलं नाही याचं आश्चर्य वाटलं. नवीनच करतोय तर कोटेशनमधले जुन्या पद्धतीचे ॲनालॉग कशाला? एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा डीव्हीआर) घे, पीओई स्विच घे. एकाच कॅट-६ वायरीतून वीजही जाते आणि चित्रही, १०० मीटरपर्यंत. कॅमेऱ्यापाशी वेगळा प्लग नको, वेगळा पॉवर सप्लाय नको. पुढे एखादा कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा करायचा झाला तर तेवढाच बदलायचा.

आणि दुसरी गोष्ट, जी दुकानदार कधी सांगत नाही. २०१६ मध्ये "मिराय" नावाच्या व्हायरसने जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या. त्यात कुठलीही थोर हॅकिंग नव्हती. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते, एवढंच. आजही कित्येक घरांत ॲडमिन आणि १२३४५ चालू असेल. फिटिंगवाला जो पासवर्ड घालून जातो, तोच गल्लीतल्या सगळ्यांचा असतो.

वायरीतला_माणूस | ८ जून, दुपारी १.४७

पासवर्डचं शंभर टक्के बरोबर. त्यात आणखी एक घाला. मोबाईल ॲपमधलं खातं तुमच्या नंबरवर उघडून घ्या. आमच्यातलेच काही जण घाईत स्वतःच्या फोनवर खातं उघडतात आणि गिऱ्हाईकाला नुसतं शेअर करून देतात. मग तुमच्या घराचा मालक तो. एका गिऱ्हाईकाचं असं झालेलं, आधीचा फिटर गाव सोडून गेला, फोन उचलंना. सगळं रीसेट करून परत बसवलं.

आयपीचं मात्र पटत न्हाई. चांगलंच असतंय ते, मी बी लावतो, बंगल्याला, हॉस्पिटलला. पण तीन-चार कॅमेऱ्यांच्या घराला पैसे दीडपट जातात आणि गल्लीतला कुठला बी पोरगा ते दुरुस्त करू शकत न्हाई. ॲनालॉग एचडीचा कॅमेरा गेला तर अर्ध्या तासात दुसरा लावून देतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे महत्त्वाचं हाय.

पोर्ट_फॉरवर्ड | ८ जून, दुपारी २.०५

"गल्लीतला पोरगा" हा तांत्रिक निकष कधीपासून झाला?

वायरीतला_माणूस | ८ जून, दुपारी २.११

ज्यांची पोरं पुण्याला असतात त्यांच्यासाठी पहिल्यापासनं.

निवांत_बसलेला | ८ जून, दुपारी २.१५

चहा ठेवलाय. चालू द्या.

कोर्टकचेरी | ८ जून, सायंकाळी ७.३०

कायद्याच्या दोन गोष्टी सांगते, कारण कॅमेरा लावताना कोणी विचारत नाही आणि चोरी झाल्यावर सगळे विचारतात.

एक. फुटेज पेन ड्राइव्हवर घेऊन कोर्टात दिलं की झालं, असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात. पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून निघणारी सांकेतिक संख्या) नमूद करावी लागते, म्हणजे नंतर कोणी फेरफार केला तर कळतं. जुन्या कायद्यातलं ६५ब तेच, आता जास्त तपशिलाने. आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं स्पष्ट केलं. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. म्हणून चोरी झालीच तर आधी पोलिसांना कळवा आणि डीव्हीआरमधलं काही पुसलं जाणार नाही एवढं बघा. व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप म्हणजे पुरावा नव्हे, करमणूक.

याच्याशी जोडलेली बाब म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ. मी पाहिलेल्या एका प्रकरणात घड्याळ ४७ मिनिटं मागे होतं. साक्ष सांगते चोरी तीन वाजता, चित्र सांगतं सव्वादोन. समोरच्या वकिलाला आयतं खाद्य.

दोन. कॅमेऱ्याचं तोंड शेजारच्यांच्या खिडकीकडे, न्हाणीकडे, गच्चीकडे असता कामा नये. स्त्रीचं खाजगी क्षणातलं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. हेतू तसा नसला तरी भांडण व्हायचं ते होतंच. बहुतेक डीव्हीआरमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करून टाकायची सोय असते, ती वापरा. आणि लावण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून चित्र दाखवा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

तासगावकर_द्राक्षे | ८ जून, रात्री ९.१२

आमचा विषय थोडा वेगळा, पण सांगतो. बेदाण्याच्या शेडवर सोलरचा ४जी कॅमेरा लावलाय. तिथं ना वायफाय ना लाईट. सिम घालायचं, पॅनेल दक्षिणेकडं करायचं. माणूस आला की जागा होतो, क्लिप पाठवतो, परत झोपतो. तो झोपतो हीच त्याची खोट. चालत आलेला माणूस सापडतो, मोटारसायकलवर सुसाट गेलेला निम्मा गेल्यावर हा डोळे चोळत उठतो. घराला असला लावू नका, घरात वीज हाय तर कायम जागा राहणाराच लावा.

दुसरं, कोळी! रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यावर चिलटं येतात, चिलटांवर कोळी येतो आणि बरोबर लेन्सपुढं जाळं विणतो. मग एक धागा हलला की "मनुष्य आढळला" म्हणून रात्री तीनला फोन. पंधरा दिवसांनी काठीला फडकं बांधून पुसायचं.

सातारी_कंदी | ८ जून, रात्री ९.३०

+१. आमच्याकडे पाल. दिव्याच्या उबेला येऊन बसते. रात्री अडीचला पडदाभर पालीचं पोट बघून बायको किंचाळली होती.

पावसाचंही लक्षात घ्या. बाहेर आयपी ६६ किंवा ६७ (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेला, पुढे छोटा छज्जा असलेला नळकांड्यासारखाच घ्या. घुमटवाला बाहेर नको. त्याच्या काचेवर थेंब साचले की रात्री स्वतःचाच उजेड परत डोळ्यात येतो आणि चित्र दुधाळ होतं. आणि कॅमेऱ्यापेक्षा पाणी शिरतं ते जोडात. वायर डब्यात खालून वर यायला हवी, आधी थोडी लोंबती ठेवून. म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

कृष्णाकाठचा | ९ जून, रात्री १०.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीला जाऊन आलो, टेप लावून मोजलं.

पोर्चच्या भिंतीपासून फाटक साडेपाच मीटर. म्हणजे वायरीतल्या दादांच्या हिशेबाने कोटेशनमधल्या २.८ च्या लेन्सला फाटकाबाहेरच्या माणसाचा चेहरा मिळालाच नसता. आठांपैकी दोन कॅमेरे जिन्यात आणि हॉलमध्ये होते, ते आईने बाद केले. एक गच्चीवर, तिथे जायचा रस्ता आमच्या स्वयंपाकघरातूनच आहे. आणखी दोन एकाच अंगणाच्या दोन कोपऱ्यांत.

आठाचे तीन झाले. कुठल्या लेन्स घेऊ?

बाबांचा प्रश्न: १५ दिवसांचं रेकॉर्डिंग राहील का? आणि पूर आला तर?

वायरीतला_माणूस | १० जून, सकाळी ७.२०

आता बोललात.

फाटकाला ६ एमएम. ती पंचावन्न अंशांच्या आसपास बघती, सात मीटरपर्यंत चेहरा देती. तुमचं फाटक साडेपाचवर, निवांत बसतंय. उंची आठ फूट, जास्तीत जास्त नऊ. लोकं बारा-पंधरा फुटांवर लावतात, कोणी हात लावू नये म्हणून. मग वरनं टोप्या दिसतात. फाटक पूर्वेला असलं तर डब्ल्यूडीआर असलेलाच घ्या, न्हाईतर सकाळी ऊन तोंडावर आलं की येणारा माणूस नुसती काळी सावली.

अंगण आणि दाराला २.८, त्याचं काम "कोण कुठनं कुठं गेला" एवढंच. मागच्या बोळाला ३.६. बोळ अरुंद, तिथं रुंद लेन्स लावून दोन्हीकडच्या भिंती बघण्यात काय मतलब.

दिवसांचा हिशेब असा. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिटची नोंद) धरलं तर दिवसाला २१-२२ जीबी. तीन कॅमेऱ्यांचे ६५. एक टीबीत पंधरा दिवस बसतात. एच.२६५ वर (चित्र जास्त दाबून साठवायची पद्धत) टाकून १ एमबीपीएसला आणलं तर महिना निघतो, फक्त हलतं चित्र जरा फुटतं. मी फाटकाचा २ वर ठेवतो, बाकीचे दोन खाली. २ टीबीची गरज न्हाई. डिस्क मात्र सर्व्हेलन्सचीच, वेस्टर्न डिजिटलची पर्पल न्हाईतर सीगेटची स्कायहॉक. जुन्या कॉम्प्युटरची काढून लावू नका. ती चोवीस तास लिहाय बनलेली नसते.

वायर ३+१ (एक तार चित्राची, तीन विजेच्या-आवाजाच्या), पण आतली तार शुद्ध तांब्याची हाय का बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली येती, ती लांब गेली की रात्री दिवे लागल्यावर व्होल्टेज बसतं. चित्रात आडव्या पट्ट्या आल्या की लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात.

पुराचं म्हणाल तर २०१९ ला आम्ही दोनशेच्या वर डीव्हीआर उघडून वाळवले. चार-पाच जगले असतील. तुमची मशीन वरच्या खोलीत ठेवा. वायरी बी खालनं न नेता छताच्या कडेनं. पाणी आलं तर कॅमेरे जातील, दीड-दीड हजाराचे. मशीन आणि डिस्क राहील.

पोर्ट_फॉरवर्ड | १० जून, सकाळी ९.४०

हरलो. तीन कॅमेऱ्यांना ॲनालॉग चालेल, मान्य करतो.

पण इन्व्हर्टरवर राउटर आणि फायबरचा तो पांढरा डबा दोन्ही घ्या. नाहीतर वीज गेल्यावर कॅमेरे चालू, रेकॉर्डिंग चालू आणि तुला पुण्यात अंधार. तीन कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून २५-३० वॉट, म्हणजे एका जुन्या ट्यूबलाईटपेक्षाही कमी. इन्व्हर्टरला कळणारही नाही. आणि बाहेरून बघायला राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) उघडू नको. (माझं नाव काहीही असो.) ॲपमध्ये क्यूआर कोडने जोड, तेवढं पुरतं. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळण्यावर ठेव, कोर्टकचेरीताईंचा ४७ मिनिटांचा प्रश्न मिटला.

खरेदी करताना डब्यावर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बघ आणि मॉडेल एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेची चाचणी पास आहे का विचार. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नव्या अटी सक्तीच्या आहेत. "जुना स्टॉक आहे, निम्म्यात देतो" म्हणणारे भेटतील. त्या निम्म्यात पुढे अपडेटही मिळत नाहीत.

मिरजेची_माई | १० जून, दुपारी ४.०२

सगळं छान सांगितलंत, पण फाटकावर दिवा आहे का हो? सेन्सरचा बल्ब लाव, माणूस आला की लागतो. आमच्याकडे कॅमेऱ्याने आजवर कोणाला पळवलेलं नाही, त्या बल्बाने दोघांना पळवलं. आणि मागच्या दाराची कडी बदल. चोर कॅमेऱ्यात दिसून दार उघडून गेला तर त्यात कसलं समाधान?

शेजारी कोण आहे? त्यांच्याकडे एक किल्ली आणि तुझा नंबर असू दे. फोनवर काही दिसलं तर तू पुण्याहून काय करणार आहेस? ११२ ला फोन कर, पण पहिल्या पाच मिनिटांत पोहोचणारा शेजारीच असतो.

कृष्णाकाठचा | १० जून, सायंकाळी ५.३०

माई, शेजारच्या काकूंकडे किल्ली आधीपासून आहे. आईची पस्तीस वर्षांची मैत्रीण. कडी बदलतो.

कृष्णाकाठचा | २८ जून, रात्री ११.१५

ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना हिशेब द्यायला हवा.

काम झालं. तीन कॅमेरे, चार चॅनेलचा डीव्हीआर, १ टीबी पर्पल, वायर, डबे, मजुरी धरून १८ हजारांच्या आत. शिवाय सेन्सरचा बल्ब आणि मागच्या दाराला नवी कडी-कुलूप. ४६ हजारवाल्या दुकानदाराने फोन करून विचारलं, "आठावरून तीनवर कसे आलात?" म्हटलं, टेप लावली.

डीव्हीआर वरच्या खोलीत, बाबांच्या जुन्या पुस्तकांच्या फळीवर, मागून हवा येईल असा. खातं माझ्या नंबरवर, पासवर्ड बाबांच्या डायरीत. शेजाऱ्यांना बोलावून तिन्ही चित्रं दाखवली. समोरच्या गच्चीचा कोपरा फाटकाच्या चित्रात येत होता, तो काळा केला. पहिल्या आठवड्यात अंगणातल्या पपईच्या पानाने चौदा वेळा "मनुष्य" होऊन मला उठवलं. मग सूचना फक्त फाटकाच्या चौकोनापुरत्या ठेवल्या. बाबा आता रात्री एकदाच उठतात. कड्या तपासत नाहीत, मोबाईलवर फाटक बघतात आणि पाणी पिऊन झोपतात.

आणि हो, फुलांचं.

चौथ्याच दिवशी पहाटे ५.०८ ला फाटकातून हात आत आला. सेन्सरचा बल्ब लागला, तरी हात मागे गेला नाही. निवांत सहा जास्वंदी, मूठभर तगर, एक कळीसुद्धा. मग चेहरा वर उचलून बल्बाकडे बघितलं. साडेपाच मीटरवरून, ६ एमएममधून, इतका स्पष्ट चेहरा की दादा, तुमच्या २५० पिक्सेलना नमस्कार.

आईला मोठ्या उत्साहाने फोनवर क्लिप पाठवली. तिने बघितली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुसून टाक ते. आणि तो दिवा पाचनंतर लागणार नाही असं काही करता येतं का बघ, डोळ्यावर येतो तिच्या."

निवांत_बसलेला | २८ जून, रात्री ११.२१

किल्ली कोणाकडे आहे म्हणालास?

कृष्णाकाठचा | २८ जून, रात्री ११.२४

:-)